दिनाच्या कोंबड्या

८ जानेवारी

ही डायरी एका सप्लायरने पाठवली. मी रिटायर झालो हे त्याला अजून कळलेलं नसावं. नोकरीत असताना अशा डायऱ्या मी खात्यातल्या पोरांना वाटून टाकायचो. आता वाटायला कोणी नाही, तेव्हा स्वतःच लिहायला घेतो. रोज लिहीन असं नाही. जन्मभर स्टोअरकीपर होतो, उगाच केलेली एंट्री मला आवडत नाही.

गावी येऊन आठवडा झाला. त्याआधी दिवाळीपासून कळंबोलीला निकेशकडे होतो. निकेश माझा मुलगा. त्याची बायको ऋतुजा स्वभावाने चांगली आहे, पण घर दोन खोल्यांचं आणि मी पहाटे उठून भांडी वाजवतो अशी तिची तक्रार. ती तिने निकेशला सांगितली आणि निकेशने मला. मग मीच म्हटलं, गावी बाय एकटी असते, घरात पुरुषमाणूस हवं. निकेशने लगेच गाडी बुक केली.

बाय म्हणजे माझी थोरली बहीण पुतळी. आईबापांचं शेवटपर्यंत तिनेच केलं, घर तिनेच राखलं. मी रोह्याला कंपनीत, राहायला शेजारच्या अष्टमी गावात भाड्याच्या खोलीत, सणासुदीला गावी यायचो. घर माझ्या नावावर आहे, पण कुठल्या डब्यात काय आहे हे तिला विचारल्याशिवाय सापडत नाही. आल्या आल्या डब्यांना चिठ्ठ्या चिकटवायला घेतल्या. ती म्हणाली, "चिकटव. मला कुठं वाचता येतंय." तरी तीन डबे झाल्यावर सोडून दिलं.

तिचा एक कोंबडा आहे, त्याला ती पाटील म्हणते. पहाटे चार वाजता तो माझ्या खिडकीखाली येऊन आरवतो. कंपनीच्या भोंग्यालाही एवढी हौस नव्हती.

११ जानेवारी, रविवार

सखाच्या परसात पोपटी लावली. सखा शेजारी राहतो, शाळेत माझ्याच बाकावर बसायचा. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, मधे अंडी, वर पुन्हा पाला, मग मडकं पालथं घालून भोवती जाळ. अंडी बायची. सखाची बायको शांती म्हणाली, "पुतळीबायची अंडी नसली तर पोपटीला चव नाय." बाय हसली. ती फार वेळा हसत नाही, म्हणून लिहून ठेवतो.

वाडीतल्या सगळ्या कोंबड्या मुळात बायच्या. तिचा नवरा गेला तेव्हा सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. मी तेव्हा शाळेत होतो, मला आठवतंय. तिच्या कडेवर एक दुरडी होती आणि दुरडीत अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी. तिचं स्वतःचं म्हणून तेवढंच होतं. त्या कोंबडीची पिल्लं, त्यांची पिल्लं, असं करत ती जात वाडीभर झाली. अजूनही कोणाला कोंबडी बसवायची असली की ते बायकडे येतात. बाय त्याच दुरडीतल्या तुसातून अंडी काढून देते. पैसे घेत नाही. पिल्लं मोठी झाली की एक तलंग परत घेते, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. हा हिशेब कोणी लिहिलेला नाही आणि कोणी बुडवलेलाही नाही.

मला मात्र घरी जाताना वाटलं, या गावठी कोंबड्या चार दिवस अंडं देतात आणि मग महिनाभर रुसून बसतात. शास्त्रीय पद्धतीने केलं तर यात बरंच करता येईल. मला उद्योग हवाच आहे. बायला म्हटलं तर म्हणाली, "बघ बाबा."

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ घ्यायला पेणला गेलो होतो, येताना वडखळच्या रस्त्याला टेम्पोवाला दिसला. सुधारित जातीच्या तलंगा, तांबूस, एकसारख्या, कंपनीतून नुकत्या सुटलेल्या मालासारख्या. दहा घेतल्या. लस दिली आहे का विचारलं. म्हणाला, "सगळी दिलेली हाय साहेब." मी मालाचं चलन मागितलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय सोडला.

बायने एकेकीला हातात घेऊन पाहिलं, चोची उघडून पाहिल्या, पिसं उलटी करून पाहिली. मग तिचं सुरू झालं. पाय धुतले, हळद लावली, प्रत्येकीला चुलीभोवती फिरवलं आणि सगळ्यांना मागच्या गोठ्यात नेऊन डालग्यांखाली झाकलं. गोठ्यात गुरं नाहीत, वर्षानुवर्षं रिकामाच आहे. खुराडं पुढच्या पडवीला, म्हणजे घराच्या दुसऱ्या टोकाला.

मी विचारलं, "आणि खुराड्यात कधी?"

"शिमगा होऊ दे. होळीची राख लावून मग सोडू."

"शिमग्याला दीड महिना आहे बाय."

"मग काय झालं? त्या कुठं पळतात?"

असल्या गोष्टींवर वाद घालू नये. हळद लावून कोंबडी रुळते म्हणे.

१९ जानेवारी

आमच्या स्टोअरमध्येही आलेला माल सरळ रॅकवर चढत नसे. वेगळ्या जागी ठेवायचा, लाल चिठ्ठी लावायची, तपासणी झाली की मगच आत. त्यावरून मी परचेसवाल्यांशी किती भांडलो असेन. आज गोठ्यात डालगी पाहून ते आठवलं आणि हसू आलं. पण कोंबडी म्हणजे बेअरिंग नव्हे, ती जिवंत वस्तू आहे, तिला मोकळी हवा लागते.

रोज सकाळी बाय आधी खुराड्यातल्यांना कण्या टाकते आणि शेवटी गोठ्यात जाते. मग हातपाय धुते, लुगडंसुद्धा बदलते. मी विचारलं, एवढी काय शिवाशिव? म्हणाली, "तुझ्या नव्या हायत, त्यांची त्यांची असू दे." माझ्या कोंबड्या म्हणजे घरात शिरलेल्या चोरट्या असल्यासारखं चाललं आहे. नावं तर सोडाच. जुन्यांना सगळ्यांना नावं आहेत, ठिपक्यांची कवडी, मग काळी, लंगडी. माझ्यांना ती सरसकट "दिनाच्या कोंबड्या" म्हणते.

अष्टमीच्या घरमालकाचा फोन आला. खोली महिनाअखेर रिकामी करून हवी. खोलीत आता एकच वस्तू उरली आहे, माझ्या बायकोचं, निशिगंधाचं, लोखंडी कपाट. तिला जाऊन तीन वर्षं झाली, तिच्या साड्या अजून आतच आहेत. कळंबोलीला नेतो म्हटलं तर ऋतुजा म्हणाली होती, "पप्पा, ठेवणार कुठे?" इथे ते दारातून आत येणार नाही, येईल ते गोठ्यातच. आणि गोठ्यात डालगी.

२४ जानेवारी

आज बायला बोललो. बोलायला नको होतं तेवढं बोललो.

कपाटाचं सांगितलं. ती म्हणाली, ओट्यावर ताडपत्री घालून ठेव तोवर. मी म्हटलं, निशिगंधाचं कपाट उघड्यावर ठेवू? ती म्हणाली, "अरे थोडी कळ काढ. नव्या कोंबडीच्या पोटात काय हाय ते लगेच नाय कळत." मी म्हटलं, पोटात काही नाही, तुझ्याच मनात आहे. माझी कोणतीच गोष्ट तुला या घरात नको आहे. कोंबड्या नकोत, कपाट नको, उद्या मीही नको होईन. त्यापेक्षा मीच जातो कळंबोलीला.

ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "घर तुझं हाय दिना. मी कोण नको म्हणनारी?" आणि पुन्हा सूप उचललं.

रात्री जेवायला वाढलं. भाकरी गरम होती. मी तिच्याशी बोललो नाही.

२५ जानेवारी, रविवार

बायला पटलं एकदाचं. मी स्वतः काही बोललो नाही. कातरवेळी जुन्या कोंबड्या खुराड्यात शिरून बसल्या, तेव्हा बाय गोठ्यात गेली आणि डालग्याखालून एकेक कोंबडी काढून, पदराखाली धरून, खुराड्यात हळूच सोडून आली. अंधारात सोडल्या की सकाळी सगळ्या एकत्रच जाग्या होतात, भांडण कमी होतं, असं म्हणाली. मला हे ठाऊक नव्हतं. पद्धत चांगली आहे.

शेवटची सोडल्यावर ती खुराड्यापाशी बराच वेळ बसून राहिली. मी म्हटलं, "बघ, काही झालं का?" ती म्हणाली, "आता बस झालं, चल." तिला वाईट वाटलं असेल तर ते माझ्या बोलण्याचं. उद्या तिला पेणहून चपला आणून देईन, तिच्या झिजल्या आहेत.

२७ जानेवारी

भांडण कमी होतं म्हणे. सकाळपासून अंगणात हाणामारी. कवडी सगळ्यांत पुढे. कण्या टाकल्या की माझ्या तलंगा कोपऱ्यात आणि ती मधे. एकीच्या तुऱ्यावरून रक्त काढलं. पाटील नुसता मान वर करून बघतो.

बाय म्हणते, भांडू दे, त्यांचं त्या ठरवतात कोण पुढे आणि कोण मागे, आपण मधे पडलं की लांबतं. पण डोळ्यांदेखत अन्याय होऊ द्यायचा हे माझ्याने होत नाही. कवडीचा पाय सुतळीने शेवग्याला बांधला आणि माझ्यांना आधी खाऊ घातलं. बायने ते पाहिलं. दुपारी मी झोपलो तेव्हा तिने सुतळी सोडली होती, पण मी उठायच्या आधी पुन्हा बांधून ठेवली. गाठ वेगळी होती म्हणून कळलं.

चपला आणल्या. घातल्या नाहीत, जपून ठेवल्या.

१ फेब्रुवारी

शांतता. सगळ्या एकाच ताटलीत पाणी पितात. माझ्या एकीने पहिलं अंडं घातलं, तपकिरी, मोठं. बायला दाखवलं. तिने हातात घेऊन पाहिलं, म्हणाली, "चांगलं हाय. तुलाच उकडून देते." घरमालकाला सांगून थोडी मुदत घेतली. पुढच्या रविवारी टेम्पो सांगतो, गोठा झाडून ठेवला आहे. निकेशला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं पप्पा, तुमचं मन रमलं."

५ फेब्रुवारी

कवडी मान खाली घालून शेवग्याखाली उभी आहे. पंख सैल. मी म्हटलं, मी बांधली होती त्याचा रुसवा असेल. बायने तिला उचललं, शेपटीखाली पाहिलं. हिरवं पाणी. तिचा चेहरा एकदम उतरला. मी म्हटलं, थंडीवाऱ्याने झालं असेल, कण्या ओल्या झाल्या असतील. ती म्हणाली, "व्हय, असंल." तिने कवडीला लसूण चारला आणि चुलीजवळ डालग्याखाली ठेवलं.

६ फेब्रुवारी

कवडी सकाळी मेलेली होती. मान पाठीवर उलटी वळलेली.

बाय पहाटेच कुठे तरी गेली आणि उन्हं आल्यावर परतली. चहा करायचा राहिला. विचारलं तर म्हणाली, "जरा वाडीत जाऊन आले." मी चिडलो होतो, उगाचच. चहा मीच केला आणि तो तिला कडू लागला.

८ फेब्रुवारी, रविवार

टेम्पोवाल्याला नको म्हणून कळवलं. काळी गेली, लंगडी गेली, जिच्याखाली पिल्लं होती ती गेली आणि पिल्लंही. उभ्या उभ्या घरघर करतात, मान वाकडी होते, गोल फिरतात आणि पडतात. माझ्या दहाच्या दहा अंगणात खडखडीत चरत आहेत. मला त्यांच्याकडे पाहवत नाही.

सखाच्याही मरायला लागल्या. अजून दोन-तीन घरांत आहे असं कळलं.

दुपारी पेणच्या जनावरांच्या डॉक्टर बाई आल्या. मानमोडी, म्हणाल्या. लस नसलेल्या कोंबड्यांत शिरली की ठेवत नाही. नव्यांना लस आहे म्हणून त्या तग धरून आहेत, पण दुखणं त्यांच्याबरोबर आलं असणार. टेम्पोतून, पिंजऱ्यातून, कुठूनही. आता औषध नाही. मेलेल्या चुना घालून खोल पुरा, बाहेरची कोंबडी आणू नका, इथली कोणाला देऊ नका. मग त्यांनी विचारलं, "नव्या आणल्यावर वेगळ्या ठेवल्या होत्या ना? सोडायची घाई कोणी केली?"

अंगणात सखा होता, शांती होती, आणखी चार-पाच जण होते. मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते मला अजून ठाऊक नाही. तेवढ्यात बाय म्हणाली, "ठेवल्या व्हत्या. मीच लवकर सोडल्या. म्हातारीला कुठला धीर."

डॉक्टर बाई म्हणाल्या, "आजी, एवढ्या वर्षांचा अनुभव तुमचा." बाय म्हणाली, "चुकलं."

मी खाली पाहिलं. चपलेला चुना लागला होता, तो पुसत राहिलो.

९ फेब्रुवारी

पाटील गेला. काल संध्याकाळी आरवायला गेला तर नुसती शिट्टीसारखी हवा निघाली. बायने त्याला मांडीवर घेतलं होतं. तिच्या मांडीवरच गेला.

खड्डा मी खणला. ती म्हणाली, कवडीशेजारी खण.

१३ फेब्रुवारी

खुराडं रिकामं आहे. माझ्या कोंबड्या तिकडे जात नाहीत, गोठ्याच्या वळचणीला बसतात.

शांती आली होती. ओट्यावर बायच्या शेजारी बसली. तिच्या सगळ्या गेल्या, बायकडून नेलेल्या एका कोंबडीची पिल्लं होती तीही. मी आत होतो. ती म्हणाली, "पुतळीबाय, तू कवा अशी घाई केली नव्हतीस गो." बाय म्हणाली, "झाली गो चूक." मी बाहेर आलो तर शांतीने माझ्याकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "भावजी, चहाला या ना घरी. हे वाट बघतात."

लोक चांगले आहेत. या सगळ्यात मला कोणी वाकडा शब्द बोललं नाही. उलट पूर्वीपेक्षा जास्त विचारपूस करतात. परवा एकाने वालाच्या शेंगा आणून दिल्या. दुकानात गेलो तर बसायला खुर्ची दिली. सगळ्यांनी बायचं म्हणणं खरं धरलं आहे आणि मला ते खोडून काढता येत नाही. येत नाही म्हणजे काय, मी काढत नाही. नुकसान तिचं, आणि बोलही तिलाच. मी अंगणात चपला पुसत उभा होतो, हे माझ्या मनातून जात नाही.

काल विचार केला की तिला सांगावं, मी सगळ्यांना खरं सांगतो. ओट्यापर्यंत गेलो. ती म्हणाली, "काय रे, भूक लागली?" मी म्हटलं, हो. तिने पोहे केले.

२० फेब्रुवारी

माझ्या कोंबड्या आता रोज अंडी घालतात. मी खात नाही. बाय गोळा करते आणि गोठ्याच्या कोनाड्यात ठेवते. कोणी मागायला येत नाही.

मी म्हटलं, या सगळ्या काढून टाकू. कोलाडला हायवेला ढाबेवाले घेतील. तिने मान हलवली. "डॉक्टरनी काय सांगितलं? दुसऱ्याच्या दारात दुखणं न्यायचं? आन त्यांचा काय दोष रे. आणल्या म्हनून आल्या." मग कण्यांचा डबा घेऊन गेली. त्यांना हाक मारताना मी ऐकलं. जुन्यांना मारायची तशीच मारते.

दुपारी ती खुराड्यासमोर बसली होती. वाटलं झाडत असेल. काहीच करत नव्हती.

मला वाटतं तिला बोलायचं असेल आणि मी ऐकायला जात नाही. किंवा तिला काही बोलायचं नसेल आणि मलाच ऐकून घ्यायचं आहे. माझी सगळी नोकरी सामान ठेवण्यात गेली. कुठलाही नट कुठल्या खणात आहे ते मी झोपेत सांगितलं असतं. एक गोष्ट जशी होती तशी परत ठेवता येत नाही, असं माझ्या हातून प्रथमच झालं.

५ मार्च

होळी झाली. वाडीतल्या होळीला मी नारळ घेऊन गेलो. बाय राख आणायला आली नाही. दर वर्षी कोंबड्यांना लावायला नेते.

आज सकाळी धीर करून सखाकडे गेलो. तो खळ्यात वाल झोडत होता. मी म्हटलं, सखा, जरा थांब. त्याने काठी खाली ठेवली. मी सांगून टाकलं. कोंबड्या बायने सोडल्या नाहीत, म्हणजे तिच्या हाताने सोडल्या पण मी तिला भाग पाडलं. ती शिमग्यापर्यंत थांब म्हणत होती. मला गोठा कपाटासाठी हवा होता. मी निघून जायची धमकी दिली. तुमच्या कोंबड्या माझ्यामुळे गेल्या, वाडीतल्या माझ्यामुळे गेल्या आणि डॉक्टरसमोर मी गप्प बसलो.

सखा वालाच्या ढिगाकडे बघत होता. म्हणाला, "म्हाईत हाय."

"कोणाला?"

"समद्यांना. कोंबडं झाकलं म्हनून उजाडायचं ऱ्हातंय व्हय?"

मी विचारलं, कसं? मग त्याने सांगितलं. कवडी गेली त्या पहाटे बाय दारोदार फिरली होती. आपापल्या कोंबड्या डाला, सोडू नका, आमच्याकडे दुखणं आलंय, असं सांगत. पण तोवर एकाच ओढ्यावर सगळ्यांच्या चरून झाल्या होत्या. कोणी तरी तिला विचारलं, नव्या एवढ्या लवकर सोडल्या कोणी? तर म्हणाली, मी. कोणाला ते पटलं नाही. ज्या बाईने जन्मात नवी कोंबडी शिमग्याआधी सोडली नाही, तिचं कोण ऐकणार. शांती तर चिडली आणि म्हणाली, मी जाते आणि भावजींना विचारते. तेव्हा बायने तिचा हात धरला.

सखाने काठी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. सांगावं की नको असं त्याला झालं असावं. मी म्हटलं, बोल.

"म्हनाली, दिनाला कोन काय बोलू नका. पोरानं ठेवला नाय त्याला. हितनं बी उठला तर जाईल कुठं?"

मी खळ्याच्या बांधावर बसलो. मला राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. मला लाज वाटली. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. मी समजत होतो बायला सांभाळायला आलो आहे. निकेशचं मी कोणाला सांगितलं नव्हतं, बायलाही नाही. म्हटलं होतं, तुझ्यासाठी आलो. आणि तिने पहिल्या दिवसापासून ओळखलं होतं. ती वालाच्या शेंगांची परडी, ती खुर्ची, तो चहा, सगळं तिने सांगितलं म्हणून. स्वतःच्या मेलेल्या कोंबड्यांवर माती टाकून लोक माझ्याशी गोड बोलत होते.

सखा म्हणाला, "चल, चहा घे." मी म्हटलं, नको. मग घेतला.

घरी आलो तर बाय गोठ्याच्या दारात होती. मी म्हटलं, "मी सखाला सांगितलं."

"काय?"

"सगळं."

तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं केलंस. आता तुला झोप लागंल." मला झोप लागत नाही हे तिला कसं कळलं ते मी विचारलं नाही. मी म्हटलं, बाय, तुला ठाऊक होतं मरतील. मग सोडल्यास कशाला?

ती म्हणाली, "मरतीलच असं कुठं म्हाईत व्हतं. वाटलं, नशीब असंल तर वाचतील." मग म्हणाली, "तू तर जानारच व्हतास."

१५ मार्च, रविवार

कपाट आणायचं तिनेच काढलं. गोठा रिकामा आहे, घरमालकाला किती दिवस थांबवणार, म्हणाली. मी म्हटलं, मला आता कपाट नको. ती म्हणाली, "निशिगंधाचं हाय ते. उघड्यावर टाकनार?" म्हणून आज अष्टमीला जाऊन टेम्पोतून आणलं. सखा आला होता धरायला. गोठ्यात मागच्या भिंतीला बरोबर बसलं, जिथे डालगी होती तिथेच. माझ्या कोंबड्या टेम्पोला घाबरून शेवग्याखाली गेल्या आणि मग परत आल्या.

बायने कपाटाला हळदकुंकू लावलं. दार उघडून निशिगंधाच्या साड्यांवरून हात फिरवला. मग विचारलं, "खालचा खन रिकामा हाय?" मी म्हटलं, आहे. ती घरात गेली आणि दुरडी घेऊन आली. तीच दुरडी. आत तूस तसंच होतं, त्यात अंड्यांच्या जागेचे खळगे अजून होते. तिने ती खणात ठेवली आणि दार लावून घेतलं.

मी म्हटलं, "बाय, पुढच्या हिवाळ्यात कुठून तरी गावठी अंडी आणू. नागोठण्याच्या बाजूला मिळतील. डॉक्टर बाईंना विचारून आणू, वेगळी ठेवू, तू म्हणशील तसं."

"ती आमची नसनार," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "बघू. पुढचं पुढं."

मी कपाटाची किल्ली तिच्या हातात दिली. तिने ती माझ्याच हातात परत ठेवली. मी म्हटलं, "घर तुझं आहे बाय." गेल्या दोन महिन्यांत मला सांगायचं होतं ते एवढंच होतं असं मला म्हणताना वाटलं. ती म्हणाली, "व्हय व्हय. चल, जेवायला चल." आणि पुढे झाली. तिच्या पायात मी आणलेल्या चपला होत्या. केव्हा घालायला लागली मला कळलंच नाही.

उद्या वालाच्या मळणीला सखाकडे जायचं आहे. पहाटे उठायला हवं. उठवायला आता कोणी नाही, म्हणून मोबाइलमध्ये गजर लावला. चारचा लावला.